मूस, प्लेट आणि उरलेल्यांचा खाना

मी एक्साइजमध्ये होतो असं सांगितलं की लोक माझ्याकडे आधी जरा आदराने बघतात आणि मग जरा आशेने. आदर अशासाठी की यांनी हातभट्ट्या फोडल्या असतील. आणि आशा अशासाठी की जप्तीतलं काहीतरी यांच्या कपाटात असेल. दोन्ही बाबतींत मी लोकांची निराशाच करत आलोय. दारूचं एक्साइज राज्य सरकारचं. आमचं सेंट्रल. कारखान्यात तयार झालेला माल फाटकाबाहेर पडला की त्यावर कर घ्यायचा, एवढंच आमचं काम. माझ्या सासऱ्यांना हा फरक शेवटपर्यंत पटला नाही. जावई दारू पकडतो असंच ते गावात सांगत राहिले, आणि मीही पुढे पुढे त्यांना खोटं पाडायचं सोडून दिलं.

सत्तरच्या दशकातली मधली काही वर्षं मी जालन्याला इन्स्पेक्टर होतो. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता, औरंगाबादचा तालुका होता. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका आडतीच्या माडीवर आमचं ऑफिस. खाली मिरचीची पोती उतरली की वर अख्खं सेंट्रल गव्हर्नमेंट शिंकत बसायचं. आमचे अधीक्षक पिल्लैसाहेब दक्षिणेकडचे. मराठी त्यांना समजायचं, बोलताना मात्र ते हिंदी वापरायचे आणि तेही जपून, कामापुरतं. मी अंबड तालुक्यातला, शेतकरी घरातला. घरचा मी पहिलाच सरकारी नोकर, त्यामुळे ऑफिसातल्या पंख्याचासुद्धा मला अभिमान होता.

आमचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे वर्गीकरण. आपल्याकडचा मसाल्याचा डबा डोळ्यापुढे आणा. मोहरीचा खाना, जिऱ्याचा खाना, हळदीचा खाना. टॅरिफ म्हणजे सरकारचा मसाल्याचा डबा. देशात जे जे तयार होतं ते कुठल्या ना कुठल्या खान्यात पडलं पाहिजे, आणि ज्या खान्यात पडेल त्या खान्याचा कर. आता हळद ती हळद, तिच्याबद्दल वाद नाही. वाद होतो तो जिऱ्यासारख्या दिसणाऱ्या शहाजिऱ्याचा. त्यात मधल्या एका बजेटात सरकारने डब्याला एक जादा खाना जोडला: ज्याचं नाव कुठंच नाही, ते सगळं इथं टाका. त्याचा नंबर अडुसष्ट. आम्ही त्याला उरलेल्यांचा खाना म्हणायचो. तिथला कर अगदी नावापुरता होता, म्हणून प्रत्येक कारखानदाराला वाटायचं, देवा, आपलं कुठंच नाव नसू दे.

चिनीमातीचा खाना वेगळा, तेवीस-ब. कपबशीपासून संडासाच्या भांड्यापर्यंत जे खरं चिनीमातीचं, पोर्सलिनचं, ते सगळं त्या एका छपराखाली, आणि कर चांगलाच जड. बंदरावरच्या कस्टमवाल्यांच्या नव्या टॅरिफमध्ये प्रयोगशाळेच्या आणि तांत्रिक कामाच्या चिनीमातीला स्वतंत्र घर होतं. आम्हा देशी लोकांकडे ते नव्हतं. आमच्याकडे एकच प्रश्न: पोर्सलिन आहे की नाही? असेल तर तेवीस-ब. नसेल तर अडुसष्ट.

हा प्रश्न जालन्यात कधी पडेल असं मला वाटलं नव्हतं. जालन्यात सरकी होती, तेलाच्या गिरण्या होत्या, बियाणं होतं. पण औरंगाबाद रस्त्याला एक पत्र्याची शेड होती, तिच्या मागे विटांची गोल भट्टी आणि उंच धुराडं. तिथे किसन खरात राहायचे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं.

मिस्त्री मूळचे भोकरदनकडच्या एका खेड्यातले. घर बौद्ध, वडिलांनीच दीक्षा घेतलेली. तरुणपणी मजुरीसाठी गुजरातेत एका चिनीमातीच्या कारखान्यात गेले आणि मजूर म्हणून गेलेला माणूस भट्टीचा मिस्त्री होऊन परत आला. बँकेने मदत केली, शेड उभी राहिली. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली फिरतं चाक, आणि चाकाशी पांढऱ्या धुळीत न्हालेले मिस्त्री. त्यांच्या पत्नी गयाबाई. मिस्त्रींचा सगळा जीव भट्टीत आणि गयाबाईंचा सगळा जीव मिस्त्रींच्या चुका निस्तरण्यात. शेडमध्ये हाताखाली पाच-सहा बाया होत्या, त्यांच्यावर राज्य गयाबाईंचं.

माल दोन जातींचा. मोठा खप होता तो विजेच्या शेगडीच्या प्लेटांचा. नागमोडी खाचांची गोल थाळी, जिच्यातून लाल कॉइल फिरते. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाने तिच्यावर चोरून चहा केला आहे. या प्लेटांवर घर चालायचं. दुसरा माल प्रयोगशाळेचा. आटवायच्या बशा, छोटे खल, आणि मुशी. मूस म्हणजे लहानशी पांढरी वाटी, भोवऱ्यासारखी खाली निमुळती. हिच्यात बियाणं किंवा साखर जाळून राख करतात आणि राख तोलून आत काय काय होतं ते काढतात. लालबुंद तापवली तरी ती तडकता कामा नये. हा माल शाळा-कॉलेजांत आणि साखर कारखान्यांत जायचा; शेडमध्ये मात्र तो भिंतीवरच्या तीन फळ्यांवर प्लेटांच्या ढिगातच पडलेला असायचा. त्यात सुटायचं थोडं, पण मिस्त्री बोलायचे मुशीबद्दलच. प्लेटेबद्दल कोणी विचारलं तर ते तोंड फिरवून म्हणायचे, "ती व्हय, ती चालतीये."

याशिवाय ते सूतगिरण्यांसाठी एक बारीकशी कडी करायचे. धागा पळताना तिच्यातून जातो. तिच्यावरून आमच्या ऑफिसात एकदा प्रलय झाला. पिल्लैसाहेबांना दाखवायला म्हणून मी एक कडी आणून टेबलावर ठेवली होती, ती गायब. दोन दिवस शोधाशोध. शेवटी आमचे शिपाई शेखचाचा स्वतःच कबूल झाले. "साब, मेरेकू लगा मनका हई. बकरी कू नजर लगी थी ना." सरकारी मुद्देमाल चाचांच्या शेळीच्या गळ्यात लाल दोऱ्यात ओवलेला होता. पिल्लैसाहेबांनी पाच मिनिटं डोळे मिटून घेतले आणि मग विचारलं, "बकरी ठीक हुई?" चाचा म्हणाले, "बिलकुल." कडी आम्ही तिथंच राहू दिली आणि मिस्त्रींकडून दुसरी मागितली. त्यांनी ती हसत हसत दिली, आणि शेळीसाठी जादा एक.

पहिल्यांदा शेडवर गेलो तेव्हा पोर्सलिन ओळखायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात होतं: पक्कं भाजलेलं, पाणी न पिणारं, पातळ जागी उजेड दिसणारं. मिस्त्रींनी एक फुटकी प्लेट उचलली आणि ताजी कड माझ्यापुढे धरली.

"जीभ लावा, साहेब."

मी मागे सरकलो.

"लावा तर खरं. चिटकली तर कच्चं. माती पानी पिऊन राह्यली म्हंजी. न्हाई चिटकली तर पक्कं."

माझ्या तोंडात सुपारी होती. मी जीभ लावली, काहीच झालं नाही. मिस्त्री हसायला लागले. म्हणाले, सुपारीवाल्या जिभेला खरंखोटं कळत नाही, आधी चूळ भरा. चूळ भरून लावली तर प्लेटेने जीभ अशी धरली की सोडवून घ्यावी लागली. मग त्यांनी फुटक्या मुशीची कड दिली. ती गार आणि गुळगुळीत, जिभेला ओळखसुद्धा दाखवली नाही. हा प्रयोग मी पिल्लैसाहेबांना सांगितला, तर ते कडक शाकाहारी. काही चिनीमातीत हाडाची राख घालतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते म्हणाले, "हम स्याही लगाएंगे." फुटक्या कडेवर लाल शाईचा थेंब टाकायचा, मुरला तर कच्चं, पुसला गेला तर पक्कं. तात्पर्य तेच, फक्त धर्म शाबूत.

मिस्त्रींनी आपल्या मालाची यादी दिली होती. त्यांनी नाही, औरंगाबादच्या बोरा वकिलांनी करून दिली होती. बोरा वकील माणूस चांगला, पण घाईचा. त्यांनी सगळा माल एका ओळीत बसवला: प्रयोगशाळेच्या व तांत्रिक कामाच्या मातीच्या वस्तू. खाना अडुसष्ट. पिल्लैसाहेबांनी भुवया उंचावल्या आणि मला नमुना आणायला पाठवलं. नमुना मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत जायचा होता.

मी शेडवर गेलो आणि म्हटलं, "मिस्त्री, रोजच्यातले काहीही तीन सारखे नग द्या. मुंबईच्या लॅबमध्ये पाठवायचेत."

एवढं ऐकायचा अवकाश, मिस्त्रींचा चेहरा बदलला. त्यांनी गयाबाईंना हाक मारली. दोघांची कोपऱ्यात कुजबुज झाली. गयाबाई आत गेल्या आणि लुगड्याच्या मऊ चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. आत तीन मुशी. इतक्या पातळ की उन्हात धरल्यावर मागची बोटं दिसावीत. भट्टीच्या सगळ्यात चांगल्या जागी, सगळ्यात चांगल्या आगीत निघालेल्या. विकायला मन होत नव्हतं म्हणून ठेवलेल्या.

"मिस्त्री, प्लेट दिली असती तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"लॅबमधी चालल्या ना? मंग? लॅबवाल्याच्या हातात आपला माल पह्यल्यांदा जाऊन राह्यला. प्लेट कशी देऊ?"

स्थळ बघायला येणार म्हणून घर सारवून ठेवावं तसे ते दोघं उभे होते. मी मुशींना लाख लावली, सील केलं, सह्या झाल्या. आम्हा तिघांनाही वाटलं, काम बराबर झालं. जगातल्या कुठल्याही कारखानदाराने कर ठरवायला आलेल्या माणसाच्या हातावर आपल्या घरातला सगळ्यात हलका नग ठेवला असता. खरातांनी तीन हिरे ठेवले.

व्हायचं तेच झालं. मुंबईचा अहवाल आला: पक्कं भाजलेलं, पाणी न शोषणारं, प्रकाश जाऊ देणारं, उत्तम प्रतीचं पोर्सलिन. आणि यादीत सगळा माल एकाच ओळीत होता, म्हणून सगळाच तेवीस-ब. प्लेटासुद्धा. नोटीस निघाली. ती घेऊन मीच गेलो.

मिस्त्रींनी ती वाचायला सांगितली. मी 'उत्तम प्रतीचं पोर्सलिन' हे शब्द वाचले तेव्हा ते गयाबाईंकडे बघून गालात हसले. पुढचं वाचलं तेव्हा हसू गेलं. प्लेटेवर जड कर बसला तर तिचा भाव वाढणार, आणि बाजारात बाहेरून येणाऱ्या प्लेटा ढीगभर. दुकानदार एक दिवससुद्धा थांबणार नव्हते. प्लेट गेली की शेड गेली, भट्टी गेली आणि पाच-सहा बायांच्या चुली. मिस्त्री पुन्हा कुणाच्या तरी कारखान्यात मिस्त्री. गयाबाईंनी एकच विचारलं, "साहेब, चांगला माल दिला म्हनून सजा?" मी नोटिशीची घडी घालत राहिलो. सरकारचा डबा तसाच आहे हे त्यांना कसं सांगणार?

बोरा वकिलांनी मात्र मार्ग काढला. औरंगाबादला असिस्टंट कलेक्टर साहेबांपुढे सुनावणी मागितली. मुद्दा सोपा: पाठवलेला नमुना खास होता, रोजचा माल तसा नसतो. रोजचं सगळं साधं, कच्चं, पाणी पिणारं. म्हणून सगळं अडुसष्टमध्ये घ्या. पण हे कारखानदाराने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं.

सुनावणीची तारीख कळवायला मी शेडवर गेलो तेव्हा वकील मिस्त्रींची तालीम घेत होते.

"म्हणा, आमचा रोजचा माल पोर्सलिन नाही."

"आमचा रोजचा माल..." मिस्त्री थांबले. चाकावरच्या मातीकडे बघितलं. "प्लेट म्हंता ना, वकीलसाहेब?"

"सगळा. सगळा माल."

"आमचा रोजचा माल..."

पुढचं येईना. वकिलांनी दोनदा, तीनदा म्हणून दाखवलं. मिस्त्री अडखळले ते त्याच जागी. शेवटी गयाबाई पुढे आल्या. "म्हना की वो. शब्दच हायेत. जिभेला काय खर्चा लागू राह्यला?" बाया हसल्या. मिस्त्री हसले नाहीत. गयाबाई मग हळू आवाजात म्हणाल्या, "शेड राह्यली तर मूस राह्यल." त्यावर मिस्त्रींनी मान हलवली आणि ते वाक्य एकदाचं पुरं म्हटलं, अगदी पडक्या आवाजात. वकील खूश झाले. मला ते ऐकवलं नाही. मी सरकारच्या बाजूचा माणूस, पण त्या दिवशी मला मनापासून वाटत होतं की मिस्त्रींनी हे बोलावं आणि सुटावं.

सुनावणीला पिल्लैसाहेबांनी खात्याच्या वतीने मला पाठवलं. असिस्टंट कलेक्टर तरुण होते, उत्तरेकडचे, पण मराठी शिकत होते आणि मिस्त्रींशी मराठीतच बोलले. वकिलांनी मुद्दा मांडला. साहेबांनी शेगडीची एक प्लेट मागितली, रुमालात धरून टेबलाच्या कडेवर फोडली आणि फुटलेल्या जागी लाल शाईचा थेंब टाकला. शाई बघता बघता आत मुरली. मातीने पाणी प्यावं तशीच प्याली.

"हे पोर्सलिन नाही," साहेब म्हणाले. "नमुना चुकीचा गेला होता असं दिसतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, प्लेटेच्या बाबतीत खात्याला काही म्हणायचं नाही. वकिलांचा चेहरा फुलला.

साहेबांनी पेन उचलला. "म्हणजे रोजच्या मुशीही अशाच. बरोबर, खरात?"

एका 'हौ'चं काम होतं. तो म्हटला की सगळा माल अडुसष्ट, हलका कर, शाळांच्या ऑर्डरी सुखरूप, वकिलांची मिरवणूक. वकील मान हलवत होते. मिस्त्रींनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होतो, ते टेबलावरच्या त्या लाल डागाकडे बघत होते.

"न्हाई, साहेब."

"काय नाही?"

"मूस अशी न्हाई. मूस पोर्सलिनच हाये."

बोरा वकिलांनी त्यांची बाही ओढली. मिस्त्रींनी ती हळूच सोडवून घेतली आणि पिशवीतून एक मूस काढली. चिंधीतली नव्हे, ढिगातली, एका बाजूला जराशी वाकडी, परीक्षेत नापास झालेली.

"ही रोजच्यातली. वाकडी निघाल्ती म्हनून बाजूला टाकेल होती. फोडा, साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवला. "खरात, तुम्हाला कळतंय ना? ही पोर्सलिन निघाली तर हिच्यावर जास्त कर लागेल. तुमचे वकील तुमचाच फायदा सांगतायत."

"कळून राह्यलं, साहेब. फोडा तुम्ही."

ती सहज फुटेना. साहेबांनी पेपरवेटने दोनदा ठोकली तेव्हा मोडली. कडेवर थेंब टाकला. थेंब दवासारखा जागच्या जागी उभा राहिला. साहेब थांबले, आम्ही सगळे थांबलो. मग त्यांनी रुमालाने तो टिपला. कड पांढरीशुभ्र. डाग म्हणून नाही.

मिस्त्रींचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. साहेब म्हणाले, टॅरिफ कारखान्याला खाना देत नाही, वस्तूला देतो; यादी एका ओळीत केली हीच मुळात चूक होती. प्लेट अडुसष्ट. मूस, बशी, खल आणि गिरणीची कडी तेवीस-ब, पोर्सलिन. आदेश तिथल्या तिथे सांगून लिहवून घेतला.

बाहेर आल्यावर बोरा वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "मिस्त्री, मी जिंकत होतो हो!" आणि तरीही ऑफिसच्या समोरच्या टपरीवर तिघांचा चहा त्यांनीच सांगितला. माणूस चांगला, म्हटलं ना. त्यांची पुढची तारीख होती, ते बशी अर्धी ठेवून पळाले.

मला राहवेना. विचारलं, "मिस्त्री, कामून केलं असं? गयाबाईंना काय सांगणार?"

मिस्त्रींनी बशीतला चहा फुंकला.

"साहेब, उरलेल्यात काय असतं ते तुम्हाला ठाव न्हाई. मही शाळा गावात. मास्तर हजेरी घ्यायचे. एकेकाचं नाव घ्यायचे, पाटलाचं पोरगं, वाण्याचं पोरगं. आम्ही बाहीर, दाराच्या पायरीवर. आतल्यांचे नावं सरले की मास्तर मान वर करायचे न् म्हनायचे, 'आन् बाकीचे.' आम्ही सगळे मिळून 'हजर' म्हनायचो. चौथीपोत्तर मह्या नावानं मला कोन्ही हाक मारली न्हाई त्या शाळात." त्यांनी बशी खाली ठेवली. "उरलेल्यात आम्ही लई दिस राह्यलो, साहेब. प्लेट हाये तशी, तिला टाका तिथं, तिचं काही न्हाई. पन मूस महा हात हाये. तिला नाव हाये. तिला म्या सोता कसं म्हनू, बाकीच्यात जाय?"

माझं घर गावातल्या जमीनवाल्यांपैकी. माझं नाव मास्तरांनी रोज घेतलं, आणि घेतलं याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी त्या अडुसष्ट नंबराचे विनोद करत आलो होतो. त्या दिवशी टपरीवर मी चहाचे पैसे वकिलांनी दिलेले असताना पुन्हा द्यायला गेलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला चुटपुट नको. शाळांशी त्या वर्षीचा भाव आधीच ठरलेला होता, त्यामुळे जादा कर मिस्त्रींनी पदरचा भरला. मुशींच्या कामात त्या वर्षी त्यांना काहीच सुटलं नाही. पण प्लेटांनी घर तारलं. नंतरच्या वर्षी त्यांनी भाव वाढवला आणि शाळांनी कुरकुरत दिला. मी जालन्याहून बदलून गेलो तेव्हा धुराडं धुरावत होतं. आता ती भट्टी नाही. मिस्त्री नाहीत, टॅरिफचे ते नंबर नाहीत, आमचं एक्साइजसुद्धा नव्या करात विरघळून गेलं. नोकरीत मी अनेक मोठे कारखाने बघितले, चलाख माणसं बघितली, करातून निसटायच्या इतक्या वाटा बघितल्या की त्यांचंच एक पुस्तक होईल. करात मुद्दाम शिरलेला माणूस मात्र मला हा एकच भेटला.

तर त्या दिवशी आम्ही औरंगाबादहून एसटीने निघालो. शेडपाशी गाडी थांबवली तेव्हा मिस्त्री मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बी उतरा. मह्यावर इस्वास ठेवायची न्हाई ती." मी उतरलो. खरं तर मलाही बघायचं होतं.

गयाबाई दारातच होत्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. मागे बाया काम सोडून उभ्या.

"काय झालं?"

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. प्लेट वाचली, शेड वाचली. बायांमध्ये आनंदाची कुजबुज झाली. मग मी सांगितलं की मूस वाचली नाही. तिच्यावर पूर्ण कर लागेल, आणि तो मिस्त्रींनी स्वतःहून मागून घेतला.

गयाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्रींनी पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता भट्टीची आग बाहेर येणार.

"तुम्ही म्हन्ले न्हाई ते शब्द?"

"न्हाई निघाले."

"मंग साहेब काय म्हन्ले? पोर्सलिन हाये म्हन्ले?"

"फोडून पाह्यली. वाकडी होती ती. पोर्सलिन म्हन्ले. लिहून दिलं."

"वाकडी बी?"

"वाकडी बी."

गयाबाईंनी पदराने हात पुसले, दोन्ही हात, नीट, बोटांच्या मधून. आणि वळून बायांवर ओरडल्या, आवाज धुराड्यापर्यंत जाईल असा, "ए, उभ्या काय राह्यल्या? त्या मुशी काढा प्लेटांच्या ढिगातून! मधली फळी पुसून घ्या जल्दी. आजपासून तिथं दुसरं काही ठिवायचं न्हाई."